डिस्क घातली की उगवणारी ती चौकट : विंडोजच्या ‘ऑटोप्ले’चे परीक्षण

गेले काही महिने माझे एक काम चालू आहे : जुन्या सीडी आणि डीव्हीडींवर जे काही आहे ते हार्ड डिस्कवर उतरवून घेणे. दोन खोकी भरून डिस्क आहेत. काहींवर घरच्या समारंभांचे चित्रीकरण आहे, काहींवर ध्वनिमुद्रणे आहेत, काहींवर नुसत्या फायली आहेत, आणि बऱ्याच डिस्कवर आत काय आहे याची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. अशा कामात एका बैठकीला पंधरा-वीस डिस्क सहज हाताखालून जातात आणि दर डिस्कमागे विंडोज तेच विचारते : हिचे काय करायचे? एखाददुसऱ्या डिस्कपुरता हा प्रश्न कोणाला जाचणार नाही. पण विसाव्या वेळी त्याला तेच उत्तर देताना जाणवते, की ज्याने डिस्क स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये ठेवली त्याला ती कशासाठी ठेवली हे आधीच माहीत असते. म्हणून ही चौकट दाखवणाऱ्या ‘ऑटोप्ले’ या सोयीचे आणि ती बंद करण्याच्या निरनिराळ्या वाटांचे हे परीक्षण लिहिते आहे. त्यातल्या बहुतेक वाटा मी स्वतः वापरून पाहिल्या आहेत.

त्रास नेमका कसा होतो ते एका प्रसंगावरून सांगते. एका डिस्कवरची फाइल उतरवून झाली होती, दुसरी डिस्क ट्रेमध्ये ठेवून मी ट्रे बंद केला आणि तेवढ्या वेळात आधीच्या फाइलला नाव द्यायला घेतले. ड्राइव्हला नवी डिस्क ओळखायला काही सेकंद लागतात. त्याचा दिवा लुकलुकत होता आणि मी टंकत होते. नाव अर्धे झाले असताना नव्या डिस्कची विंडो मध्येच उघडून सर्वांच्या पुढे आली आणि उरलेली अक्षरे त्या विंडोत गेली. फायलींच्या यादीत अक्षरे टंकली की विंडोज त्या अक्षरांनी सुरू होणारी फाइल निवडते आणि एंटर दाबले की ती उघडते. त्यामुळे मी सवयीने एंटर दाबल्याबरोबर एक चित्रफीत मोठ्या आवाजात सुरू झाली, आणि ज्या फाइलला नाव द्यायचे होते ती अर्धवट नावानिशी मागे राहिली. पुढच्या आठवड्यात ती अर्धवट नावाची फाइल कोणत्या डिस्कची, हे शोधण्यात बराच वेळ गेला. अशी विंडो आपोआप उघडण्याचे कारण एवढेच, की पूर्वी कधीतरी घाईत मी त्या चौकटीतला ‘फोल्डर उघडून फायली दाखवा’ हा पर्याय निवडला होता आणि विंडोजने तो कायमचा ध्यानात ठेवला होता. आज विंडोज १० आणि ११ मध्ये पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी सूचना येते; तिच्यावर क्लिक केले की पर्यायांची यादी उघडते, आणि त्या यादीतली निवड पुढच्या प्रत्येक वेळेसाठी लागू होते ही गोष्ट त्या क्षणी सहसा ध्यानात येत नाही.

आता बंद करण्याच्या वाटा. पहिली वाट सर्वांना सापडते ती : विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडावे, त्यात ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये जावे आणि तिथे ‘ऑटोप्ले’ निवडावे, विंडोज १० मध्ये हेच पान ‘डिव्हायसेस’खाली आहे. पानाच्या माथ्यावर ‘यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हायसेस’ असे एक बटण आहे. ते बंद केले की काम झाले. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि डिस्कही बिनतक्रार वाचली जाते, फक्त ‘धिस पीसी’मध्ये जाऊन ती आपण स्वतः उघडायची. ज्यांना कोणत्याच प्रकारची सूचना नको त्यांनी इथेच थांबावे. माझी अडचण अशी, की कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड लावल्यावर छायाचित्रे उतरवून घेणारा प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे मला हवे असते आणि या बटणाने तेही बंद पडते. डिस्कपुरते गप्प राहा आणि कार्डाच्या वेळी बोल, असे सांगायची सोय या पानावर नाही. बटणाच्या खाली ‘रिमूव्हेबल ड्राइव्ह’ आणि ‘मेमरी कार्ड’ यांच्यासाठी वेगळ्या निवडी दिल्या आहेत. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांचा मात्र तिथे उल्लेखसुद्धा नाही. ज्या माध्यमासाठी ही सोय मुळात जन्माला आली त्याचेच नाव तिच्या मुख्य पानावरून गळावे, हा मला या रचनेतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

डिस्कच्या निवडी अजून अस्तित्वात आहेत, पण त्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘कंट्रोल पॅनेल’ टंकून ते उघडावे आणि त्यात ‘ऑटोप्ले’ शोधावे. इथे एक लांबलचक पान उघडते आणि खरे काम इथेच होते. डीव्हीडी चित्रपट, कोरी डीव्हीडी, ब्लू-रे चित्रपट, कोरी ब्लू-रे डिस्क, ऑडिओ सीडी, कोरी सीडी, व्हिडिओ सीडी, सॉफ्टवेअर अशी एकेक प्रकाराची ओळ आहे आणि प्रत्येक ओळीसमोर पर्यायांची यादी आहे. त्या यादीत ‘आस्क मी एव्हरी टाइम’ आणि ‘टेक नो अॅक्शन’ हे दोन पर्याय असतात; दुसरा निवडला की त्या प्रकारच्या डिस्कसाठी विंडोज ना विचारते ना काही उघडते. मी डिस्कच्या सगळ्या ओळींना ‘टेक नो अॅक्शन’ दिले, मेमरी कार्डाची निवड होती तशी ठेवली आणि तळाचे ‘सेव्ह’ दाबले. ‘सेव्ह’चे मुद्दाम लिहिते, कारण नव्या सेटिंग्जमध्ये बदल तिथल्या तिथे लागू होतो आणि त्याची सवय झालेला माणूस हे जुने पान तसेच बंद करून टाकतो. पहिल्यांदा माझेही तेच झाले आणि दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा हजर होती.

या पानाविषयी आणखी दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. प्रकार ठरवताना विंडोज डिस्कच्या आत काय आहे ते पाहते : ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर दिसले तर डीव्हीडी चित्रपट, गाण्यांचे ट्रॅक दिसले तर ऑडिओ सीडी. त्यामुळे एकाच डिस्कवर गाणी आणि संगणकाच्या फायली अशा दोन्ही गोष्टी असतील तर ती ‘एन्हान्स्ड ऑडिओ सीडी’त जमा होते आणि साध्या ऑडिओ सीडीची निवड तिला लागत नाही. घरी लिहिलेल्या ज्या डिस्कवर नुसतीच छायाचित्रे आणि चित्रफिती आहेत, त्यांच्यासाठी चित्रे, व्हिडिओ आणि मिश्र मजकूर यांच्या ओळी वेगळ्या आहेत. एकही ओळ सुटली तर नेमकी त्याच प्रकारची डिस्क निघते आणि आपल्याला वाटते की सेटिंग बिघडले. दुसरी गोष्ट म्हणजे ही निवड वापरकर्त्याच्या खात्यापुरती असते. घरात एकाच संगणकावर दोन खाती असतील तर दुसऱ्या खात्यात चौकट येतच राहते आणि तिथे हे सगळे पुन्हा करावे लागते.

एका ठिकाणी मात्र या पानाचा उपयोग होत नाही. कोरी डिस्क घालून ड्राइव्ह उघडायला गेले की ‘बर्न अ डिस्क’ नावाची चौकट येते आणि ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी, असे विचारते. ‘कोरी सीडी’च्या ओळीला ‘टेक नो अॅक्शन’ दिल्यावर डिस्क घालताना शांतता राहते. पण उघडताना हा प्रश्न येतोच, कारण तो ऑटोप्लेचा नाही, डिस्कवर लिहिण्याच्या सोयीचा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही पर्यायांनी डिस्क वेगवेगळ्या पद्धतीने तयार होते, चुकीची पद्धत निवडली तर ती जुन्या प्लेयरवर चालत नाही आणि पुन्हा लिहिता न येणारी डिस्क त्यात कायमची खर्ची पडते. विचारण्यासारखा प्रश्न असेल तर तो हा आहे.

काहींची चौकट एवढे करूनही जात नाही आणि अशा वेळी दोष बहुधा विंडोजचा नसतो. आयट्यून्सला सीडी घातल्यावर काय करायचे याची स्वतःची निवड आहे. ती ‘आस्क टू इम्पोर्ट सीडी’ अशी असेल तर सीडीतली गाणी आयात करायची का, असे तो प्रोग्रॅम स्वतः विचारतो. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये सीडी आपोआप उतरवून घेण्याची सोय आहे. डिस्क लिहिण्याचे काही प्रोग्रॅम संगणकाबरोबर सुरू होऊन घड्याळाशेजारी बसून असतात आणि ड्राइव्हकडे लक्ष ठेवतात. चौकटीचा तोंडवळा नीट पाहिला, तिच्या माथ्यावर कोणाचे नाव आहे ते वाचले, तर कोणाचे सेटिंग बदलायचे ते लगेच कळते. माझ्या बाबतीत सर्वांत चिवट चौकट अशाच एका प्रोग्रॅमची निघाली, आणि त्याला संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीतून काढल्यावरच ती थांबली.

ड्राइव्हमध्ये डिस्क नसतानाही चौकट येते, असेही काहींच्या बाबतीत घडते. यूएसबीला लावायचे इंटरनेटचे काही डोंगल आणि एके काळचे यू३ पेन ड्राइव्ह संगणकाला आपली ओळख अंशतः सीडी ड्राइव्ह म्हणून देतात, जेणेकरून आतला सेटअप आपोआप सुरू व्हावा. त्यांच्यासाठी ‘सॉफ्टवेअर’च्या ओळीला ‘टेक नो अॅक्शन’ द्यावे. ती ओळ कोणी ‘प्रोग्रॅम चालवा’ अशी ठेवली असेल तर ती आजच बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

ही सोय १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर ‘ऑटोरन’ या नावाने आली. सीडीवर कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, अगदी वरच्या पातळीवर ‘ऑटोरन.आयएनएफ’ नावाची एक छोटी मजकुराची फाइल ठेवायची, त्यात ‘ओपन’ या शब्दापुढे प्रोग्रॅमचे नाव लिहायचे. डिस्क घातली की विंडोज ती फाइल वाचून तो प्रोग्रॅम चालवत असे. नवख्या माणसाला सेटअप शोधत बसावे लागू नये हा हेतू चांगलाच होता. पण हा प्रोग्रॅम न विचारता चालत असे, आणि न विचारता चालणाऱ्या गोष्टीचा फायदा कोण घेईल हे डिस्क बनवणाऱ्याच्या नीतीवर सोडलेले होते. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या पन्नासहून अधिक संगीत सीडींवर ‘एक्ससीपी’ नावाची नक्कलरोधक यंत्रणा होती. ऐकायला म्हणून सीडी घातली की ऑटोरनच्या वाटेने ती पुढे येई आणि करारावर होकार दिल्यानंतर संगणकाच्या अंतर्भागात लपून राहणारे सॉफ्टवेअर बसवी. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीला आणले आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. त्याच्या दोन वर्षे आधी प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या अॅलेक्स हाल्डरमन यांनी अशाच दुसऱ्या एका यंत्रणेबद्दल दाखवून दिले होते, की डिस्क घालताना शिफ्टची कळ दाबून ठेवली तर ऑटोरन चालत नाही आणि ती यंत्रणा बसतच नाही.

आपल्याला आज जी चौकट जाचते ती या पार्श्वभूमीवर पाहिली तर तिचा मान थोडा वाढतो. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये डिस्कच्या मजकुराप्रमाणे पर्याय सुचवणारी ऑटोप्लेची चौकट आणली आणि त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ऑटोरनचा प्रोग्रॅमही परवानगीशिवाय चालेनासा झाला, म्हणजे विचारणारी चौकट हा न विचारता चालण्यावरचा इलाज होता. तोही अपुरा पडला. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर या विषाणूने पेन ड्राइव्हवर अशी फाइल ठेवली, की चौकटीत ‘फोल्डर उघडून फायली पाहा’ असाच मजकूर फोल्डरच्या चित्रासह दिसे आणि प्रत्यक्षात त्यामागे विषाणू असे. रोज उगवणाऱ्या चौकटीतला ओळखीचा पर्याय माणूस न वाचता दाबतो हे त्या विषाणूच्या कर्त्यांनी बरोबर हेरले होते. त्यानंतर विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हवरचे ऑटोरन बंद झाले, फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तशी सुधारणा मिळाली. सीडी आणि डीव्हीडी यांना मात्र सूट राहिली. म्हणून डिस्कच्या बाबतीत ‘टेक नो अॅक्शन’ ही मला नुसती सोयीची नव्हे, सावधपणाचीही निवड वाटते. अनोळखी डिस्क उघडतानासुद्धा ड्राइव्हवर डबल क्लिक करण्यापेक्षा माउसचे उजवे बटण दाबून ‘ओपन’ निवडणे बरे, कारण डबल क्लिकला कधी कधी ऑटोरनचाच अर्थ लागतो.

शिफ्टच्या कळीविषयी एक खुलासा करायला हवा. ती दाबून ठेवण्याचा सल्ला अजूनही तोंडातोंडी फिरतो, पण तो एक्सपीपर्यंतच्या विंडोजचा आहे. व्हिस्टानंतर त्या कळीचे वागणे बदलले आणि आजच्या संगणकावर तिच्यावर विसंबू नये.

ज्यांना अनेक संगणक सांभाळावे लागतात, शाळेची प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय चालवावे लागते, त्यांना खात्याखात्यांत जाऊन ओळी भरणे परवडणार नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी ग्रुप पॉलिसी, म्हणजे साऱ्या संगणकाला एकदम नियम लावणारा संपादक आहे : ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’मध्ये ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, त्यात ‘विंडोज कॉम्पोनंट्स’, त्यात ‘ऑटोप्ले पॉलिसीज’ आणि तिथे ‘टर्न ऑफ ऑटोप्ले’. ती चालू करताना सर्व ड्राइव्ह किंवा फक्त सीडी आणि काढता येणारे ड्राइव्ह असा पर्याय मिळतो आणि तो संगणकावरच्या सर्व खात्यांना लागतो. होम आवृत्तीत हा संपादक नसतो. तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘नोड्राइव्हटाइपऑटोरन’ नावाच्या नोंदीला आकड्यात किंमत द्यावी लागते. या किमतीत प्रत्येक प्रकारच्या ड्राइव्हला एक आकडा आहे, सीडी ड्राइव्हचा ३२ आणि काढता येणाऱ्या ड्राइव्हचा ४, आणि जे जे बंद करायचे त्यांची बेरीज तिथे लिहायची. एक्सपीमध्ये या नोंदीची मूळ किंमत १४५ होती. तिच्यात हे दोन्ही मिळवले की १८१ होते, आणि सर्व प्रकार बंद करायचे तर २५५. जुन्या विंडोजवर हे करणाऱ्यांनी त्या आवृत्तीच्या सुधारणा बसल्या आहेत याची खात्री करावी, कारण जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी यंत्रणेने इशारा दिला होता, की ही किंमत देऊनही ऑटोरन पूर्णपणे बंद होत नाही. तो दोष नंतरच्या सुधारणेने गेला.

रजिस्ट्रीतलाच आणखी एक उपाय सर्रास सुचवला जातो, तो मात्र करू नये : ‘सीडीरॉम’ सेवेखालची ‘ऑटोरन’ ही किंमत शून्य करणे. माझ्या एका जुन्या संगणकावर मी तो करून पाहिला. चौकट गेली, पण डिस्क बदलल्याचा निरोपच विंडोजपर्यंत पोहोचेना. नवी डिस्क ट्रेमध्ये गेल्यावरही विंडोमध्ये आधीच्याच डिस्कच्या फायलींची यादी दिसत राहायची आणि एफ५ दाबल्याखेरीज ती बदलत नसे. एकामागून एक डिस्क बदलणाऱ्याला याहून घातक काही नाही. मी एका डिस्कच्या नावाने दुसऱ्याच डिस्कचे फोल्डर तयार करून बसले आणि त्या दिवशीची सहा फोल्डरे पुन्हा तपासावी लागली.

मॅकवर ही व्यवस्था पूर्वीपासून अधिक नेटकी आहे. ‘सीडीज अँड डीव्हीडीज’ या सेटिंगमध्ये कोरी सीडी, कोरी डीव्हीडी, संगीताची सीडी, चित्रांची सीडी आणि व्हिडिओ डीव्हीडी अशा मोजक्या ओळी आहेत आणि प्रत्येकीला ‘इग्नोर’ देता येते; दोन मिनिटांत काम होते. तिथेही इतिहास अगदी निष्कलंक नाही. १९९८ मध्ये क्विकटाइम या चित्रफिती चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सीडी ऑटोप्लेचा आधार घेऊन ‘ऑटोस्टार्ट ९८०५’ नावाचा विषाणू मॅकवर पसरला होता. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर तर मला हवे होते ते शब्दशः सापडले. काढता येणाऱ्या माध्यमांच्या सेटिंगमध्ये एकच चौकोन आहे आणि त्याच्यासमोर लिहिले आहे, की माध्यम घातल्यावर कधीही विचारू नये आणि कोणताही प्रोग्रॅम सुरू करू नये. शिवाय प्रत्येक प्रकारासाठी वेगळी निवडही त्याच ठिकाणी आहे. विंडोजने आपल्या नव्या पानावर डिस्कची एवढी एक ओळ जरी दिली असती तरी या परीक्षणाचा निम्मा भाग लिहावा लागला नसता.

जुन्या कंट्रोल पॅनेलमधले पान लपलेले आहे, लांब आहे, ‘सेव्ह’ची आठवण ठेवायला लावते, तरीही माझ्या कामाला तेच सर्वांत योग्य ठरले आणि मी त्यालाच पसंती देते. त्याच्या तळाशी ‘रीसेट ऑल डिफॉल्ट्स’ असे बटण आहे, त्यामुळे काही बिघडलेच तर सगळे पूर्ववत करता येते. दुसरे खोके आता अर्ध्यावर आले आहे. ट्रे आत जातो, दिवा लुकलुकतो, विझतो, आणि मी टंकत असलेले नाव जिथे टंकते आहे तिथेच पुरे होते.